कार्यालय क्लाउडवर जाते तेव्हा

ईमेल, पत्रांचे मसुदे, हिशेबाचे तक्ते, बैठकांचे वेळापत्रक आणि चारजणांनी मिळून वापरायच्या फाइली या साधनांवर आज बहुतेक कार्यालयांचे काम चालते. वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत ही साधने कार्यालयाच्या आवारातच असत. वातानुकूलित खोलीत सर्व्हर, प्रत्येक टेबलावरच्या संगणकात सीडीवरून भरलेले वर्ड आणि एक्सेल, आणि हे सारे चालते ठेवणारा संगणक विभाग अशी रचना असे. क्लाउडवर जाणे म्हणजे ही साधने आणि त्यांतली माहिती सेवा देणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये हलवणे, ती इंटरनेटवरून वापरणे आणि त्यासाठी माणशी वर्गणी भरणे. सर्व्हरची खरेदी, देखभाल, सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या ही कामे पुरवठादाराकडे जातात. कोणती फाइल कोणी पाहावी, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते कधी बंद करावे, चुकून पुसलेले पत्र कुठून परत आणावे, हे प्रश्न मात्र कार्यालयाकडेच राहतात. स्थलांतर फसते ते बहुधा ही दुसरी यादी विसरल्यामुळे.

क्लाउड हा शब्द हवेतला असला, तरी त्यामागे जमिनीवरच्या इमारती आहेत. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथून क्लाउड सेवा सुरू केली. अ‍ॅमेझॉन २०१६ मध्ये आणि गुगल २०१७ मध्ये मुंबईत आले. या इमारतींत हजारो सर्व्हर, अखंड वीज, थंडाव्याची यंत्रणा आणि कडक पहारा असतो. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची पाच लक्षणे सांगितली आणि ती आजही प्रमाण मानली जातात. सेवा मागताक्षणी, मधल्या माणसाविना मिळावी. नेटवर्कवरून कोणत्याही यंत्रावर वापरता यावी. यंत्रसामग्री अनेक ग्राहकांत वाटलेली असावी. गरजेप्रमाणे ती झटकन वाढावी किंवा कमी व्हावी. आणि वापर मोजला जावा. या कसोट्यांवर पाहिले, तर कार्यालयातला सर्व्हर नुसता भाड्याच्या जागेत नेऊन ठेवला म्हणजे तो क्लाउड होत नाही.

सहकार्याने काम करण्याची कल्पना मात्र क्लाउडपेक्षा जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी दूरच्या दोन ठिकाणच्या माणसांनी एकाच मजकुरावर पडद्यावर एकत्र काम करण्याचे प्रात्यक्षिक दाखवले होते. ते रोजच्या कचेरीत यायला चार दशके लागली. २००४ मध्ये जीमेल एक गिगाबाइट जागा देऊन आले आणि पत्रव्यवहार ब्राउझरमध्ये ठेवण्याची सवय लोकांना लागली. २००५ मध्ये ब्राउझरमध्येच लिहिता येणारे झोहो रायटर आले. २००६ मध्ये गुगलने रायटली हे ऑनलाइन लेखनसाधन बनवणारी कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी संस्थांसाठी स्वतःच्या डोमेनवर चालणारी सेवा काढली. तीच आजची गुगल वर्कस्पेस. मायक्रोसॉफ्टचे ऑफिस ३६५ जून २०११ मध्ये आले. मग कोविडच्या टाळेबंदीने जे काम दहा वर्षांत झाले असते ते काही आठवड्यांत उरकले. मायक्रोसॉफ्ट टीम्स रोज वापरणाऱ्यांची संख्या मार्च २०२०च्या मध्यास ४.४ कोटी होती, ती एप्रिलअखेर ७.५ कोटींवर गेली. त्या घाईत उघडलेली खाती आणि वाटलेल्या परवानग्या आजही अनेक कार्यालयांत तशाच पडून आहेत.

क्लाउडवर गेल्याने कामात पडणारा खरा फरक एकाच फाइलवर अनेकांनी एकाच वेळी काम करण्यात आहे. जुन्या पद्धतीत मसुदा ईमेलने फिरतो. प्रत्येकजण आपल्या प्रतीत सुधारणा करतो, फाइलच्या नावामागे ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरोखर अंतिम’ असे शब्द वाढत जातात आणि शेवटी कोणीतरी बसून सगळ्या प्रती जुळवतो. क्लाउडमध्ये मूळ प्रत एकच असते. सगळे तीच उघडतात, आणि कोणी काय केव्हा बदलले याचा इतिहास राहतो.

हे वाटते तितके सोपे नाही. दोघे एकाच क्षणी एकच परिच्छेद बदलत असतील, तर संगणकाने कोणाचे ऐकायचे? समजा, एकाने मजकुराच्या सुरुवातीला दहा अक्षरांचा शब्द घातला, आणि त्याच वेळी दुसऱ्याने चाळिसावे अक्षर पुसण्याची आज्ञा दिली. पहिला बदल आधी पोहोचला, तर दुसऱ्याला पुसायचे असलेले अक्षर आता पन्नासाव्या जागी सरकलेले असते. आज्ञा जशीच्या तशी पाळली, तर भलतेच अक्षर पुसले जाईल. म्हणून सर्व्हर दुसरी आज्ञा पहिलीच्या परिणामाप्रमाणे बदलून घेतो, चाळिसाचे पन्नास करतो आणि मगच ती लागू करतो. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी ही पद्धत १९८९ मध्ये मांडली. गुगलने २०१० मध्ये आपले लेखनसाधन नव्याने बांधले, ते याच तत्त्वावर. आज दोन गावांतले दोन सहकारी एकाच ओळीत टंकलेखन करतात आणि अक्षरे एकमेकांवर आदळत नाहीत, यामागे हे गणित आहे. संगणकशास्त्रातल्या इतक्या सुबक आणि उपयोगी कल्पना थोड्याच असतील.

मोठ्या संस्थेचे स्थलांतर कसे होते आणि कुठे अडते, हे लॉस एंजेलिस शहराच्या उदाहरणावरून चांगले समजते. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथल्या नगर परिषदेने नॉव्हेल कंपनीची जुनी ग्रुपवाइज ईमेल यंत्रणा सोडून गुगलची सेवा घेण्याचे ठरवले. सुमारे ३० हजार कर्मचारी, ७२.५ लाख डॉलरचा करार आणि जून २०१०ची मुदत असा तो आराखडा होता. बहुतेक खात्यांचे काम पार पडले, पण पोलीस खाते अडले. गुन्हेविषयक नोंदी हाताळण्याबाबत एफबीआयचे स्वतंत्र सुरक्षा नियम आहेत. अशा नोंदींपर्यंत ज्यांचा हात पोहोचू शकतो, त्या पुरवठादाराच्या माणसांचीही पार्श्वभूमी तपासली जावी लागते. हजारो ग्राहकांना एकाच साच्याची सेवा देणाऱ्या क्लाउडला हे त्या काळी जमले नाही. डिसेंबर २०११ मध्ये करार बदलून पोलीस आणि तत्सम खात्यांतील सुमारे १३ हजार जणांना जुन्याच यंत्रणेवर ठेवण्यात आले. बचतीसाठी सुरू झालेल्या योजनेत शहराला दोन यंत्रणा चालवाव्या लागल्या. ज्या प्रश्नावर हे सारे अडले, तो तांत्रिक नव्हताच. कोणती माहिती कोणत्या नियमाखाली येते, ही यादी करार होण्यापूर्वी पक्की झाली असती तर अडथळा आधीच दिसला असता.

म्हणून स्थलांतराची सुरुवात मोजदादीपासून व्हायला हवी. किती मेलबॉक्स आहेत, त्यांतले किती नोकरी सोडून गेलेल्यांचे आहेत, सामायिक फोल्डर किती आहेत आणि ते खरोखर कोण उघडते, हे पाहावे लागते. याच वेळी साफसफाईही करून घ्यावी. दहा वर्षांत कोणी न उघडलेल्या फाइली नव्या जागी नेण्यात पैसाही जातो आणि वेळही. वेळेचा हिशेब कागदावर मांडला की डोळे उघडतात. कार्यालयाच्या इंटरनेटचा अपलोड वेग १० मेगाबिट असेल, तर एक टेराबाइट माहिती वर चढवायला अहोरात्र नऊ दिवसांहून जास्त लागतात, तेही दुसऱ्या कोणी ती जोडणी वापरली नाही तर. जाहिरातीत दिसतो तो बहुधा डाउनलोडचा वेग असतो. स्थलांतराला अपलोड लागतो.

ईमेलची अदलाबदल लहान संस्था एका सुट्टीच्या दिवशी उरकतात, मोठ्या संस्था तुकड्यातुकड्यांनी करतात. आधी जुनी पत्रे मागल्या मागे नव्या जागी उतरवली जातात, त्या काळात काम जुन्यावरच चालू असते. ठरलेल्या दिवशी डोमेनच्या नोंदीत बदल करून या पत्त्यावरचे टपाल आता कोणत्या सर्व्हरकडे न्यावे हे जगाला सांगितले जाते. जुनी नोंद ठिकठिकाणच्या सर्व्हरांच्या स्मरणात काही तास राहते, त्यामुळे त्या काळात काही पत्रे अजून जुन्याच दारात येतात. जुना सर्व्हर लगेच बंद केला, की हीच पत्रे हरवतात. पत्र खरोखर आपल्याच डोमेनकडून आले आहे हे पटवणाऱ्या नोंदीही नव्या पुरवठादारानुसार बदलाव्या लागतात. त्या राहिल्या, तर कार्यालयाची पत्रे समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात आणि आठवडाभर कोणाला पत्ताही लागत नाही.

मराठी कार्यालयांपुढे एक अडचण जास्तीची आहे आणि स्थलांतराच्या कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत ती सापडत नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती रुळण्यापूर्वीचा बहुतेक मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकलेला आहे. त्या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवले होते. पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ असतो. कार्यालयातल्या संगणकावर तो फाँट भरलेला असेपर्यंत सारे सुरळीत चालते. तीच फाइल गुगल डॉक्समध्ये उघडली, की तो फाँट तिथे नसतो आणि उरते ती अगम्य रोमन अक्षरे. शोधसुविधाही कुचकामी ठरते. ‘ठराव’ हा शब्द शोधला तर शंभर ठरावांपैकी एकही सापडत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने त्यांत तो शब्दच नाही.

यावर रूपांतर हाच उपाय आहे, आणि ते डोळे झाकून करता येत नाही. प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा. शिवाय अक्षरांचा क्रमही बदलावा लागतो. ‘कि’ लिहिताना जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी क-च्या आधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे याच्या उलट: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. त्यामुळे जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ यांसारखी मराठीची खास अक्षरे रूपांतरानंतर माणसाने तपासावीच लागतात. एक्सेलच्या तक्त्यात एका रकान्यात मराठी नाव आणि दुसऱ्यात खरे इंग्रजी असेल, तर सरसकट रूपांतर इंग्रजीचाही चुराडा करते. पतसंस्था, ग्रंथालये, शाळा, गृहनिर्माण संस्था यांच्या कपाटात असे इतिवृत्तांचे आणि सभासदनोंदींचे ढीग आहेत. क्लाउडचा मुख्य लाभ माहिती सापडण्यात असेल, तर या संस्थांनी वर्गणीआधी रूपांतरासाठी पैसे बाजूला काढणे शहाणपणाचे आहे.

याच्याच जोडीला फाइलींच्या नावांचा एक बारीक मुद्दा येतो. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हमध्ये फोल्डरांसकट फाइलचे पूर्ण नाव ४०० अक्षरचिन्हांपेक्षा लांब चालत नाही. देवनागरीत काने, मात्रा, वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. ‘कार्यालयीन’ या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात, संगणक दहा मोजतो. एकात एक सात फोल्डर आणि प्रत्येकाला वाक्याएवढे मराठी नाव अशी रचना असेल, तर फाइली वाटेत अडकतात.

फाइली पोहोचल्या तरी परवानग्यांचा प्रश्न उरतोच. जुन्या सर्व्हरवरच्या फाइली निदान कार्यालयाच्या भिंतींआड होत्या. क्लाउडमध्ये ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय एका टिचकीवर असतो, आणि घाईत तोच निवडला जातो. मग पगाराचा तक्ता किंवा निविदेचे दर व्हॉट्सअ‍ॅपवरून कुठेही जाऊ शकतात. याहून सर्रास आढळणारी चूक म्हणजे संस्थेचा पत्रव्यवहार कर्मचाऱ्याच्या खासगी मोफत खात्यावर चालवणे. तो माणूस गेला की दहा वर्षांचा पत्रव्यवहार त्याच्यासोबत जातो, आणि तो परत मिळवण्याचा कोणताही सरळ मार्ग संस्थेकडे नसतो. संस्थेचे स्वतःचे डोमेन, त्यावर प्रत्येकाचे खाते आणि त्या खात्यांवर संस्थेचा ताबा, एवढे तरी अगदी दहा माणसांच्या कार्यालयानेही करायला हवे.

क्लाउड सुरक्षित असतो का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरमधील त्रुटी उघड झाल्या, तेव्हा जगभरात हजारो संस्थांचे स्वतःच्या आवारातले सर्व्हर फोडले गेले. क्लाउडवरच्या ईमेल सेवेला ती झळ लागली नाही. उलट २०२३ मध्ये चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टची एक गुप्त सांकेतिक किल्ली मिळवून क्लाउडमधल्याच मेलबॉक्समध्ये शिरकाव केला. अमेरिकेच्या तत्कालीन वाणिज्यमंत्री जिना रायमोंडो यांची पत्रेही त्यातून सुटली नाहीत. लहान संस्थेकडे रात्री-अपरात्री दुरुस्त्या बसवणारा माणूस नसतो, तिच्यासाठी क्लाउड बहुधा अधिक सुरक्षित ठरतो. मात्र खाते फोडले जाते ते बहुतांशी चोरलेल्या पासवर्डने, आणि त्यावर पासवर्डखेरीज दुसरी खूण मागणारी दुहेरी पडताळणी हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. तो पहिल्या दिवसापासून सर्वांना, साहेबांनाही, सक्तीचा असावा. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ पाहता हे ऐच्छिक राहिलेले नाही. माहिती पुरवठादाराच्या यंत्रावर असली तरी जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेची, असे हा कायदा सांगतो, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो.

क्लाउडवर आहे म्हणजे प्रत आहेच, हा समज सर्वांत घातक. सेवा देणारी कंपनी आपल्या यंत्रातल्या बिघाडापासून माहिती जपते. वापरणाऱ्याने स्वतःच पुसलेली फाइल ती कायम जपत नाही. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीतून फाइल ३० दिवसांनी जाते आणि त्यानंतर संस्थेच्या प्रशासकाला ती परत आणायला आणखी २५ दिवस मिळतात. शेअरपॉइंटमध्ये ही मुदत ९३ दिवसांची आहे. वार्षिक लेखापरीक्षणात एखादी फाइल हवी झाली आणि ती मागच्या वर्षी पुसली गेली असेल, तर दाद मागायला जागा नाही. दक्षिण कोरियात याहून मोठा अनर्थ घडला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्यांमधून आग लागली. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांचे ‘जी-ड्राइव्ह’ हे सामायिक साठवणीचे ठिकाण जळाले आणि ८५८ टेराबाइट माहिती गेली. इतर बहुतेक यंत्रणांच्या प्रती दुसरीकडे होत्या, हिची नव्हती. फाइली आपापल्या संगणकात न ठेवता इथेच ठेवा, असे कर्मचाऱ्यांना सांगितलेले होते. ज्या खात्याने ही सूचना सर्वांत काटेकोरपणे पाळली, त्याचेच सर्वाधिक नुकसान झाले.

खर्चाबाबत थोडक्यात एवढेच, की क्लाउडमुळे खर्च नाहीसा होत नाही, त्याचे रूप बदलते. पाच वर्षांतून एकदा होणारा भांडवली खर्च जाऊन दरमहा न चुकणारी वर्गणी येते. जुने सॉफ्टवेअर पैसे नसतील त्या वर्षीही चालत राहायचे. वर्गणी थांबली की दार बंद होते.

दार बंद होण्याचे कारण नेहमी पैसाच असेल असेही नाही. मुंबईत मुख्य कार्यालय आणि गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीत रोसनेफ्ट या रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिची सेवा बंद केली. कर्मचाऱ्यांचे ईमेल आणि टीम्स थांबले. भारतात नोंदलेल्या, वर्गणी भरलेल्या, भारतीय कायद्याने चालणाऱ्या कंपनीवर ही वेळ आली. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, दरम्यान रेडिफच्या ईमेलचा आधार घेतला, आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली. माहिती पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये असली तरी कळ कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्या घटनेने प्रत्येक मोठ्या संस्थेपुढे ठेवला आहे.

सरकारे त्याला आपापल्या परीने उत्तर देत आहेत. भारत सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल खाती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जुन्या यंत्रणेतून झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेली. पत्ते मात्र सरकारी डोमेनवरचेच राहिले, आणि म्हणूनच उद्या पुरवठादार बदलला तरी पत्ते बदलावे लागणार नाहीत. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून अधिक मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टकडून मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर आणले. तेही शेवटी सर्व्हरवरच चालते, फक्त कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर नाही.

सर्वच संस्थांना असे मार्ग परवडणार नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. बहुतेक कार्यालयांनी क्लाउडवर जावे, कारण आवारातला सर्व्हर नीट सांभाळण्याइतकी माणसे त्यांच्याकडे नाहीत. पण करारावर सही करण्यापूर्वी एका मेलबॉक्सची आणि एका भरगच्च फोल्डरची संपूर्ण प्रत त्या सेवेतून बाहेर काढून पाहावी, ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते का हे तपासावे, आणि त्यानंतर दर महिन्याला एक प्रत त्या पुरवठादाराच्या ताब्याबाहेर ठेवण्याचे काम कोणा एका माणसाच्या नावावर लिहून द्यावे.